कोणत्या दिवशीचं विमान?

प्लास्टिकचं विमान जोडायला घेतलं की पहिला प्रश्न असतो, कोणतं विमान? त्याचं उत्तर डब्यावर ठळक छापलेलं असतं: ग्रुमन वाइल्डकॅट, १:४८. दुसरा प्रश्न, कुणाचं विमान? तेही डब्यावरच्या चित्रात आणि आतल्या डिकलच्या कागदावर मिळून जातं. ही पुस्तिका तिसऱ्या प्रश्नासाठी लिहिली आहे, कारण त्याचं उत्तर डब्यात क्वचितच सापडतं. कोणत्या दिवशीचं विमान?

प्रश्न कुणाला किचकट वाटेल. वाटू द्या. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी नौदलाच्या विमानांपुरता तरी तो चुकवता येत नाही, आणि का, ते बुच ओहेअरच्या वाइल्डकॅटवरून लगेच कळतं.

२० फेब्रुवारी १९४२. राबाउलच्या जपानी तळावर हल्ला करायला निघालेल्या लेक्सिंग्टन या विमानवाहू नौकेवर जपानी बाँबफेकी विमानं चालून आली. त्यांची दुसरी तुकडी दिसली तेव्हा तिला अडवायला जागेवर दोनच वाइल्डकॅट होती आणि त्यांपैकी एकाच्या बंदुका अडकल्या. उरला लेफ्टनंट एडवर्ड ओहेअर, मित्रमंडळींत 'बुच'. त्याने एकट्याने काही मिनिटांत पाच विमानं पाडली अशी नोंद झाली. एप्रिलमध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या उपस्थितीत त्याला मेडल ऑफ ऑनर देण्यात आलं. नोव्हेंबर १९४३ मध्ये रात्रीच्या एका मोहिमेवर गेलेला ओहेअर परत आला नाही. १९४९ साली शिकागोच्या विमानतळाला त्याचं नाव मिळालं. मुलामुलींकडे अमेरिकेला जाणारे आपल्याकडचे कितीतरी आईबाबा त्याच विमानतळावर उतरतात, पण तिथल्या दोन नंबरच्या टर्मिनलमध्ये ठेवलेल्या वाइल्डकॅटकडे बघायला सामानाच्या नादात फारसं कुणी थांबत नाही.

आता मॉडेलकडे येऊ. ओहेअरचं विमान म्हणून वर्षानुवर्षं जे डिकल विकलं जातं, त्यावर बहुतेक वेळा 'एफ-१३' असा क्रमांक असतो. यामागे एक अप्रतिम छायाचित्रमालिका आहे. हवाईमधल्या ओआहू बेटाजवळ, कानेओहे तळाच्या परिसरात, दोन वाइल्डकॅट शेजारी शेजारी उडताना टिपली आहेत. 'एफ-१' मध्ये स्क्वाड्रनप्रमुख जॉन थॅच, 'एफ-१३' मध्ये ओहेअर. प्रकाश उत्तम आहे, कोन उत्तम आहे, खुणा स्वच्छ वाचता येतात. मॉडेल करणाऱ्याला आणखी काय हवं? पण छायाचित्राची तारीख आहे १० एप्रिल १९४२. पराक्रमानंतर प्रसिद्धीसाठी केलेलं हे उड्डाण होतं. २० फेब्रुवारीला ओहेअर ज्यात बसला होता ते विमान होतं 'एफ-१५', ब्यूरो क्रमांक ४०३१. 'एफ-१३' चा ब्यूरो क्रमांक ३९८६. दोन्ही वाइल्डकॅटच, दोन्ही त्याच स्क्वाड्रनची. पण लढाई एकाने केली आणि प्रसिद्धी दुसऱ्याला मिळाली.

म्हणून 'एफ-१३' करू नये असं नाही. खुशाल करा, माझ्या मते त्या काळातलं सर्वांत सुंदर वाइल्डकॅट तेच. फक्त खाली पाटी लावताना २० फेब्रुवारी लिहू नका. आणि किट घेताना एफ४एफ-३ चं घ्या. एफ४एफ-४ चे पंख घडी घालता येतात, त्यात सहा बंदुका आहेत. ओहेअरच्या फेब्रुवारीतल्या विमानाचे पंख स्थिर होते, बंदुका चार. हा फरक कोणत्याही डिकलने झाकला जात नाही.

तारखेवर मी इतका अडून बसतो, कारण या नौदलाने आपल्या विमानांचं रूप काही वर्षांत अनेकदा बदललं. युद्धाआधीच्या विमानांचे पंख वरून झगझगीत पिवळे असत आणि नौकेगणिक शेपटीचा रंग ठरलेला असे: लेक्सिंग्टनची पिवळी, साराटोगाची पांढरी, यॉर्कटाउनची लाल, एंटरप्राइजची निळी, रेंजरची हिरवी, वास्पची काळी. ३० डिसेंबर १९४० च्या आदेशाने ही सगळी रंगपंचमी संपली आणि विमानं फिकट राखाडी झाली. ऑक्टोबर १९४१ मध्ये वरच्या बाजूला निळसर राखाडी रंग आला. पर्ल हार्बरवर हल्ला झाला त्या संध्याकाळी एंटरप्राइजची सहा वाइल्डकॅट तिथे उतरायला आली असता बिथरलेल्या अमेरिकी तोफांनी त्यांच्यावरच मारा केला. तीन वैमानिक गेले. आपलं विमान आपल्या माणसाला ओळखू येत नाही, ही त्या दिवसांतली खरी भीती होती. ५ जानेवारी १९४२ च्या आदेशाने रडरवर लाल-पांढरे तेरा आडवे पट्टे आले आणि दोन्ही पंखांवर, वर आणि खाली, तारे आले. ताऱ्याच्या मधोमध लाल ठिपका आधीपासून होताच. थॅच आणि ओहेअरच्या छायाचित्रांत हे पट्टे आणि हे ठिपके आहेत.

पण पॅसिफिकमध्ये लाल गोल म्हणजे जपान. घाईत नेम धरणाऱ्या तोफवाल्याला ताऱ्यातला लाल ठिपका तेवढा दिसतो. म्हणून ६ मे १९४२ रोजी ठिपका आणि पट्टे दोन्ही काढून टाकण्याचा आदेश निघाला. दोनच दिवसांनी, ८ मे रोजी, कॉरल समुद्राच्या लढाईत लेक्सिंग्टन बुडाली, आणि 'एफ-१' व 'एफ-१३' दोन्ही विमानं त्याच लढाईत गेली. जूनमधल्या मिडवेच्या लढाईचं मॉडेल लाल ठिपक्यासह कुणी मांडलं, तर बाकीचं काम कितीही सुबक असो, जाणकार तिथेच थांबतो.

पुढची हकिकत वेगाने सांगतो, कारण प्रत्येक टप्प्याला आत स्वतंत्र प्रकरण आहे. नोव्हेंबर १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मोहिमेसाठी अटलांटिकमधल्या विमानांच्या चिन्हाभोवती पिवळं कडं आलं. १९४३ च्या सुरुवातीला वरून गडद समुद्री निळा, मध्ये मध्यम निळा आणि खालून पांढरा, अशी उतरत जाणारी रंगसंगती आली. जून १९४३ च्या अखेरीस ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे जोडले गेले आणि सगळ्या चिन्हाला लाल किनार आली. लाल पुन्हा! ज्या कारणाने ठिपका काढला तेच कारण किनारीलाही लागू होतं, आणि ऑगस्टमध्ये ती किनार निळी करण्यात आली. मार्च १९४४ मध्ये संपूर्ण विमान चकचकीत समुद्री निळं करण्याचा आदेश निघाला. जानेवारी १९४५ मध्ये प्रत्येक नौकेला शेपटीवर काढायची एक भौमितिक आकृती मिळाली, पण ती रेडिओवर शब्दांत सांगता सांगता वैमानिकांच्या नाकी नऊ आले, आणि जुलैमध्ये आकृत्या जाऊन अक्षरं आली.

यातला लाल किनारीचा काळ मॉडेल करणाऱ्यांचा फार लाडका आहे. जेमतेम काही आठवडे टिकलेली गोष्ट, त्यामुळे तिचं आकर्षण. खरी अडचण मात्र वेगळी आहे. आदेश वॉशिंग्टनमध्ये निघतो आणि ब्रश चालतो हजारो मैलांवरच्या एखाद्या डेकवर. पॅसिफिकमधल्या कित्येक तुकड्यांनी ती लाल किनार रंगवायचं टाळलं. त्यामुळे आदेशाची तारीख ही केवळ सुरुवातीची मर्यादा समजावी: त्याआधी ती खूण असणार नाही. त्यानंतर ती असेलच, हे छायाचित्राने सिद्ध करावं लागतं. या पुस्तिकेतल्या प्रत्येक तक्त्यात म्हणून दोन रकाने आहेत, एक आदेशाचा आणि एक त्या तुकडीच्या तारीख असलेल्या छायाचित्रांचा. दुसरा रकाना रिकामा असेल तिथे तो रिकामाच ठेवला आहे.

छायाचित्र हा सर्वांत मोठा साक्षीदार, पण त्याचीही उलटतपासणी घ्यावी लागते. पहिला मुद्दा फिल्मचा. त्या काळी वापरात असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल रंग जवळजवळ काळा उमटतो, पिवळाही गडद येतो, निळा मात्र फिका पडतो. पॅनक्रोमॅटिक फिल्मवर हेच रंग निराळे दिसतात. त्यामुळे चिन्हाभोवतीचं काळपट कडं पाहून 'हे पिवळं असूच शकत नाही' असं ठामपणे सांगणाऱ्याने आधी फिल्म कोणती ते बघावं. यावर एक सोपा उपाय आहे: ज्याचा रंग पक्का ठाऊक आहे असं काहीतरी त्याच छायाचित्रात शोधायचं आणि बाकीच्या छटा त्याच्याशी ताडून बघायच्या.

दुसरा मुद्दा डागडुजीचा. जुन्या चिन्हाला पट्टे जोडले तेव्हा आधीचा निळा उन्हाने विटलेला होता आणि नवा निळा ताजा होता. बारकाईने पाहिलं तर एकाच चिन्हात दोन निळे दिसतात. डिकलच्या कागदावर मात्र एकच, सपाट, कारखान्यातून आत्ताच आल्यासारखा निळा छापलेला असतो. ज्यांना कष्टाचं वावडं नाही त्यांनी अशी चिन्हं स्टेन्सिलने रंगवून काढावीत. कशी, ते सहाव्या प्रकरणात आहे.

तिसरा मुद्दा छायाचित्राखालच्या ओळीचा. नौदलाच्या अधिकृत छायाचित्रांना '८०-जी' मालिकेतले क्रमांक आहेत आणि ती मेरिलंडमधल्या कॉलेज पार्क इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपली आहेत. छायाचित्र छापून आलेल्या तारखेला कित्येकदा ते काढल्याची तारीख समजलं जातं. पुढच्या पुस्तकांत तीच तारीख उतरते, तिथून डिकलच्या कागदावर येते, आणि दहा पुस्तकांत आहे म्हणजे खरंच असणार असा समज होतो. ती दहा पुस्तकं एकाच ओळीची नक्कल असतात. जॉन लुंडस्ट्रॉम यांचं 'द फर्स्ट टीम' हे १९८४ चं पुस्तक मला याच कारणासाठी मोलाचं वाटतं. नौदलाच्या वाइल्डकॅट वैमानिकांची १९४२ च्या पूर्वार्धातली कहाणी त्यांनी मूळ नोंदींतून उभी केली. कोण, कधी, कोणत्या विमानात, याचा पाठपुरावा कसा करायचा हे त्यात शिकायला मिळतं.

आता खुणांमधल्या सर्वांत खट्याळ खुणेबद्दल. ओहेअर आणि थॅच यांच्या तिसऱ्या लढाऊ स्क्वाड्रनचं बोधचिन्ह होतं फेलिक्स, हातात पेटती वात लागलेला बाँब घेऊन पळणारं कार्टूनमधलं काळं मांजर. फेलिक्स दिसला की तिसरी स्क्वाड्रन, इतकं सोपं असतं तर ही प्रस्तावना निम्म्याने आखूड झाली असती. लेक्सिंग्टनवर मे १९४२ मध्ये लढाऊ स्क्वाड्रन होती दुसरी, आणि तिच्याकडे तिसऱ्या स्क्वाड्रनकडून आलेली विमानं होती. 'एफ-१' आणि 'एफ-१३' ही अशीच दुसरीच्या ताब्यात असताना गेली. ४ मार्च २०१८ रोजी पॉल ॲलन यांच्या 'पेट्रेल' या संशोधन जहाजाने लेक्सिंग्टनचे अवशेष शोधून काढले. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यापासून आठशेहून अधिक किलोमीटरवर, सुमारे तीन किलोमीटर खोल. नौका बुडाली तेव्हा तिच्यावर ३५ विमानं होती. त्यांपैकी ११ सापडली. त्यांत एक वाइल्डकॅट आहे. त्याच्या कॉकपिटखाली फेलिक्स अजून दिसतो आणि शेजारी चार छोटे जपानी ध्वज आहेत. पाऊणशे वर्षं पाण्याखाली राहिलेला हा रंग म्हणजे मधल्या काळात कुणीही न सुधारलेला पुरावा. मालक बदलला तरी मांजर पुसलेलं नव्हतं, हे तिथे नुसत्या डोळ्यांनी वाचता येतं.

गुंता इथेच संपत नाही. १५ जुलै १९४३ रोजी तिसऱ्या स्क्वाड्रनचं नाव सहावी झालं आणि सहावीचं तिसरी. माणसं तीच, क्रमांकांची अदलाबदल. ओहेअर तेव्हा प्रमुख होता. त्याची माणसं सहावी म्हणवू लागली आणि फेलिक्सला सोबत घेऊन गेली. त्यावरून पुढे दोन्हीकडे वाद रंगला. आज ते मांजर एकतिसाव्या स्क्वाड्रनकडे आहे, पण तिची वंशावळ ओहेअरच्या माणसांपर्यंत जात नाही, तर अदलाबदलीत तिसरी झालेल्या मूळ सहावीपर्यंत जाते. म्हणून १९४३ च्या हेलकॅटवर फेलिक्स काढायचा असेल तर महिना आधी ठरवा, स्क्वाड्रनचा क्रमांक त्यानंतर.

कॉकपिटखालच्या त्या ध्वजांबद्दलही थोडं. ओहेअर कॉकपिटमध्ये बसलेला आहे आणि बाहेर पाच ध्वज रंगवलेले आहेत, असं प्रसिद्ध छायाचित्र आहे. युद्धानंतर जपानी नोंदी जुळवून पाहिल्यावर त्याने प्रत्यक्ष पाडलेल्या विमानांची संख्या पाचापेक्षा कमी भरली. मग मॉडेलवर ध्वज किती काढायचे? पाच. छायाचित्र काढलं त्या दिवशी विमानावर पाच होते. हिशेबाची दुरुस्ती इतिहासकाराने पुस्तकात करावी, आपण रंग उतरवतो आहोत. इथे माझे काही मित्र माझ्याशी सहमत नाहीत आणि त्यांच्या कपाटात तीन ध्वजांचं वाइल्डकॅट दिमाखात उभं आहे.

संग्रहालयातल्या विमानांवर मात्र मी फार भिस्त ठेवत नाही. मिशिगन सरोवरात 'वुल्व्हरिन' आणि 'सेबल' अशी बाजूच्या चाकांवर चालणारी दोन जुनी प्रवासी जहाजं डेक बसवून विमानवाहू नौका म्हणून वापरली जात. तिथे नवे वैमानिक उतरण्याचा सराव करत आणि शंभराहून अधिक विमानं पाण्यात गेली. गोड्या, थंड पाण्याने ती चांगली राखली. त्यांतलंच एक डॉन्टलेस, ब्यूरो क्रमांक २१०६, मिडवेच्या लढाईत मरीन तुकडीकडे होतं, दोनशेहून अधिक छिद्रं घेऊन परतलं होतं, आणि सरावात जून १९४३ मध्ये सरोवरात बुडालं. १९९४ मध्ये वर काढलेलं ते विमान आज पेन्सकोलाच्या नौदल विमान संग्रहालयात आहे. शिकागोच्या विमानतळावरचं वाइल्डकॅटही याच सरोवरातून आलेलं आणि ओहेअरच्या विमानासारखं रंगवलेलं आहे. अशा विमानांचे पत्रे, रिव्हेट, दारांच्या फटी यांवर डोळे मिटून विश्वास ठेवावा. वरचा रंग मात्र जीर्णोद्धार करणाऱ्याने लावलेला असतो. तो त्याचा अभ्यास असतो, आणि बऱ्याचदा आपल्याइतकाच तोही जुन्या छायाचित्रांवर अवलंबून असतो. गोव्यात बोगमाळोच्या रस्त्याला असलेल्या आपल्या नौदलाच्या विमान संग्रहालयात सी हॉक किंवा अलिझे बघायला जाल तेव्हाही हे ध्यानात असू द्या. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर उभ्या असलेल्या विमानाला नवा हात द्यावाच लागतो.

रंगांच्या छटांवर या पुस्तिकेत फक्त एक छोटं प्रकरण आहे, आणि काही वाचक त्याबद्दल नाराज होतील. १९४१ च्या निळसर राखाडीला एम-४८५ आणि फिकट राखाडीला एम-४९५ असे सांकेतिक क्रमांक होते. आज बाटलीवर जो एफएस क्रमांक असतो तो अमेरिकी सरकारच्या ज्या रंगपट्टीतला आहे ती १९५६ ची. म्हणजे युद्धकाळातल्या रंगाला लावलेला प्रत्येक एफएस क्रमांक हा मागाहून शोधलेला जवळचा जोडीदार आहे. त्यात तो निळसर राखाडी पॅसिफिकच्या उन्हात आणि खारट हवेत झपाट्याने विटत असे, इतका की एकाच डेकवरची दोन विमानं सारखी दिसत नसत. असं असताना छटेच्या चिमूटभर फरकावरून रात्री जागवणारे आणि रडरवरच्या पट्ट्यांची तारीख न बघणारे लोक मला कोड्यात टाकतात. छटेत थोडं इकडेतिकडे झालं तर विमान जरा जास्त किंवा जरा कमी उन्हात राहिलं एवढंच. पट्टे चुकले तर तसं विमान त्या दिवशी कुठेच नव्हतं.

जपानी विमानं या पुस्तिकेच्या कक्षेबाहेर आहेत, तरी शेवटच्या प्रकरणात एक अपवाद केला आहे. ४ जून १९४२ रोजी अल्युशन बेटांवरच्या हल्ल्यात कोगा या वैमानिकाचं झीरो अकुतान बेटावरच्या दलदलीत उलटलं. 'रयूजो' या नौकेचं ते विमान, शेपटीवर 'डीआय-१०८'. जुलैमध्ये अमेरिकनांना ते सापडलं, सॅन दिएगोत दुरुस्त झालं आणि सप्टेंबरमध्ये अमेरिकी तारा लावून उडालं. एकच सांगाडा, तीन महिने आणि दोन नौदलं. जपानकडची कागदपत्रं युद्धाच्या शेवटी मोठ्या प्रमाणावर जाळली गेल्यामुळे तिथल्या खुणांचा अभ्यास पाडलेल्या विमानांच्या पत्र्यांवर आणि अमेरिकनांनी काढलेल्या छायाचित्रांवर बराच विसंबतो. अकुतानच्या झीरोची दलदलीतली आणि सॅन दिएगोतली, दोन्ही वेळची छायाचित्रं उपलब्ध आहेत, म्हणून नव्याने शिकणाऱ्याला सरावासाठी मी तेच विमान देतो.

ज्यांना थेट कामाला लागायचं आहे त्यांच्यासाठी एक सूचना इथेच. विमान निवडताना दोन्ही बाजूंची छायाचित्रं मिळतील असं निवडा. नौदलाच्या छायाचित्रकारांनी बहुधा एकच बाजू टिपली आहे आणि दुसऱ्या बाजूला क्रमांक कुठे होता, बोधचिन्ह होतं की नव्हतं, हे उरतं ते अनुमान. अनुमान करायला हरकत नाही, पण ते लिहून ठेवा. मॉडेलच्या लाकडी तळाखाली पोस्टकार्डाच्या आकाराचा कागद चिकटवायचा. त्यावर सर्वांत वर तारीख, मग ब्यूरो क्रमांक, मग कोणत्या छायाचित्रातून काय घेतलं, आणि शेवटी कोणत्या गोष्टी तर्काने भरल्या. हा कागद शाईने लिहू नका, पेन्सिलने लिहा. एखादं नवं छायाचित्र समोर आलं की त्यातली ओळ खोडून बदलायची असते.